आठव्या घराचं गवत

आंदेलूगच्या बायका गोंडेलला मोजणीकाकू म्हणत, पण तोंडावर नाही. तोंडावर नुसतं काकू म्हणत आणि ती पाठमोरी झाली की तिच्या चालीची नक्कल करत. चालच तशी होती. एकवीस वर्षं काठीमागून काठी टाकत बेट मोजल्यामुळे तिचं पाऊल इतकं सारखं पडे, की रविवारी चर्चला निघाली तरी ती जमीन मोजत चालली आहे असं वाटावं. उंच, हाडापेराने रुंद, अठ्ठावन्न वर्षांची बाई. बोलणं बेताचं. कुणाकडे चहाला बसली, तर खडीसाखरेचा खडा दाढेखाली धरून तीन पेले प्यायची आणि उठताना "बरा होता" एवढंच म्हणायची. त्या दोन शब्दांसाठी बायका पेटीतला चांगला चहा काढत.

आंदेलूगला बांध नाही. उधाणाची भरती आली की पाणी सगळ्या कुरणावर चढतं आणि मातीच्या टेकाडांवरची घरं तेवढी वर राहतात. पाणी जाताना गवतावर बोटभर गाळ ठेवून जातं, आणि पश्चिमेच्या कडेची ढेकळं घेऊन जातं. देतं ते सगळीकडे देतं, घेतं ते एकाच बाजूने. म्हणून इथे गवताची जमीन कुणा एकाच्या नावावर नसते. ज्याचा पट्टा पश्चिमेला, तो दहा वर्षांत भिकेला लागेल. जूनमधल्या सेंट जॉनच्या सणानंतर तिसऱ्या दिवशी पश्चिमेच्या कडेपासून पूर्वेच्या ओढ्यापर्यंत काठी टाकत जायचं, येईल त्या मापाचे घरटी सारखे वाटे करायचे आणि कुठला वाटा कुणाचा हे पिशवीतून खुणेच्या चकत्या काढून ठरवायचं. प्रत्येक घराची एक लाकडी चकती, तिच्यावर त्या घराची खूण कोरलेली. समुद्राने खाल्लेलं सगळ्यांनी सारखं सोसायचं.

गोंडेलचा बाप मोजणीदार होता. त्याचे दोन्ही मुलगे जहाजांवर गेले ते गेलेच, आणि काठीचं दुसरं टोक धरायला ही नऊ वर्षांची पोर उरली. टोक न हलवता धरून ठेवणं हे मोजण्याहून अवघड असतं. ते तिला जमलं. पुढे लग्न झालं, तिसऱ्या वर्षी नवरा बुडाला, पदरात एक मुलगी राहिली, थुर. बापाचे गुडघे गेले तेव्हा आठ घरांनी काठी तिच्या हातात दिली. बाईमाणूस म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. मार्च उजाडला, जहाजं निघाली की बेटावर पुरुष असतातच किती? आणि तिच्या मापाला बोट लावायला जागा नव्हती. एका वर्षी मोजणी अर्ध्या काठीने चुकली, हे तिला घरी जाऊन जेवताना कळलं. ती पानावरून उठली, भर पावसात परत गेली आणि तो अर्धा तुकडा तिने स्वतःच्या वाट्यातून कापून दिला.

अशा बाईने अकरा वर्षं एक गोष्ट चुकीची केली होती, आणि ती सगळ्या बेटाला माहीत होती.

थुरचं घर ओढ्यापलीकडे होतं, आठवं घर. अठराशे पंचवीस सालच्या फेब्रुवारीत समुद्र आला तो एका रात्रीत ते टेकाड, घर, गोठा, थुर, तिचा नवरा रिकलेफ आणि दोन लेकरं घेऊन गेला. सकाळी ओढ्याकाठी उभं राहिलं तर पलीकडे नुसता करडा चिखल, हाताने सारवल्यासारखा गुळगुळीत. त्या महिन्यात शेजारच्या बेटांवर पेट्या लागल्या, पाळणे लागले, मेलेल्या मेंढ्या लागल्या, माणसंही लागली. थुरच्या घरातलं काही म्हणजे काही लागलं नाही. एक चमचाही नाही.

अशा घराचं काय करायचं, याचीही रीत आहे. मोजणीच्या दिवशी मोजणीदाराने समुद्राकडे तोंड करून घरधनिणीला तीनदा हाक मारायची. उत्तर आलं नाही तर "घर मिटलं" म्हणायचं आणि चकती काठीवर आपटून फोडायची. मग त्या घराचा वाटा बाकीच्यांत जातो. त्या उन्हाळ्यात गोंडेल काठी टाकत ओढ्यापर्यंत आली आणि थांबली. बायका माना खाली घालून उभ्या राहिल्या. गोंडेलने पिशवीतून आठवी चकती काढली, परकराच्या खिशात टाकली आणि म्हणाली, "सात चकत्या आहेत. काढा."

बायकांनी सात चकत्या काढल्या. पलीकडे चिखलच तर होता. चिखलाचा वाटा कुणाला हवा होता?

दोन वर्षं तो चिखलच राहिला. तिसऱ्या वर्षी त्यात बोटभर उंचीची, पानं नसलेली, पेरापेराची खारट रोपं उगवली. पावसाळी वाऱ्यांचे दिवस आले तशी ती लाल झाली, आणि ओढ्याअलीकडून बघणाऱ्याला नेमक्या टेकाडाच्या आकाराचा लाल डाग दिसायला लागला. चौथ्या वर्षी त्या रोपांच्या बुडाशी गाळ अडकून जमीन टाचभर वर आली. पाचव्या वर्षी बारीक गवत आलं. एवढ्यात नवल काही नाही, समुद्र एकीकडून खातो आणि दुसरीकडे ओकतो. नवल होतं ते गवताच्या वाढण्यात. बेटावरचं गवत घोट्याच्या वर जात नाही. हे गुडघ्याच्या वर गेलं. रंगही असा हिरवा, की ढगाळ दिवशी काळा वाटावा. आणि इतकं दाट, की त्यात हात घातला तर जमीन लागायच्या आधी मनगट ओलं होई.

बांडिकला गोंडेलने एकदा विचारलंही. बांडिक सत्तरी ओलांडलेला. एक डोळा ग्रीनलंडच्या बर्फात गेलेला, आणि उरलेला डोळा तो बायकांच्या चुका शोधण्यात खर्च करी. मोजणीच्या गाठी त्याच्या दोरीवर असत.

"ओढ्याकाठी रोज ताजा गाळ येतो," तो म्हणाला, "ताज्या गाळावर गवत माजतंच. तुझ्या बापाने शिकवलं नाही वाटतं?"

"शिकवलं. एवढं माजतं असं नाही शिकवलं."

"मग जाऊ नकोस तिकडे."

पण ती जाई. ओहोटीला ओढा गुडघाभर असतो. परकर खोचून ती पलीकडे जाई आणि एकटीच काठी टाके. त्या वर्षी सातांचा वाटा एकोणतीस काठ्यांचा आला होता. पलीकडचं गवत एकोणतीस काठ्या भरलं. पुढच्या वर्षी पश्चिमेला कड कोसळली, वाटा अठ्ठावीस आला. पलीकडे समुद्राकडची कड वाढली होती, ओढ्याने आपल्याकडची खाल्ली होती. भरलं अठ्ठावीस. त्यानंतर दर वर्षी हेच. टाचभराचाही फरक नाही. हे तिने बांडिकला सांगितलं नाही.

गाईंनाही काहीतरी कळत असावं. ओहोटीला त्या ओढ्याच्या कडेपर्यंत जात, मान लांब करून वास घेत आणि सगळ्या एकदम वळून परत येत. आणि ऑगस्ट सरता सरता ते न कापलेलं गवत आपोआप आडवं होई. गवत भरतीने सगळीकडेच आडवं होतं, पण ते पिंजारलेल्या केसांसारखं, भोवरे पडलेलं. हे ओळीने आडवं होई, कापणाऱ्याने विळ्यामागे टाकत जावं तसं. बायका म्हणत, वारा त्या बाजूला सरळ लागतो. आणि विषय बदलत.

छत्तीस सालच्या जुलैत गवत कापून पसरलेलं असताना समुद्र आला. उन्हाळ्यात येऊ नये असा आला. पश्चिमेच्या चार वाट्यांवरचं गवत निम्मं वाहून गेलं, उरलेल्यात चिखल बसला. चिखलाचं गवत खाल्लं की गाई फुगून मरतात. सातही घरांच्या माळ्यांवर हात फिरवला तर लाकूड लागत होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मारेत आली. मारेत पश्चिमेच्या टेकाडावरची सून, सत्ताविशीची, दोन लहान मुलं, चार गाई आणि कुठल्याही धारेला लाजवेल अशी जीभ. गोंडेल टेकाडाच्या उतारावर गोवऱ्या उलटवत होती. मारेत न सांगता शेजारी बसली आणि उलटवायला लागली.

"काकू, माझ्याकडे दोन गाईंपुरतं गवत आहे. उरलेल्या दोघींना काय घालू? तुमची काठी?"

"वारा फिरतोय, गवत उचला असं मी आदल्या दिवशी सांगितलं होतं."

"वारा फिरतोय हे तुम्ही रोजच सांगता. एखाद्या दिवशी नाही फिरला तर तेवढं सांगा, त्या दिवशी घाबरेन." मारेतने गोवरी थाडकन उलटी टाकली. "दोन गाई विकल्या की लोणी गेलं. लोणी गेलं की पीठ गेलं. मग मी मुलं घेऊन मुख्य भूमीवर कुणाच्या तरी गोठ्यात शेण काढायला जाणार, शेण काय इथेही आहे. मी गेले की स्टिंकेआजी त्या बाजूला एकटी. तिचा लेक तिला घेऊन जाईल. मग मोजा तुम्ही पाच घरं. पाच घरांनी बेट राहतं का हो?"

गोंडेलने पुढची गोवरी उलटवली.

"ओढ्यापलीकडे सातांना पुरेल एवढं गवत उभं आहे."

"ते माझं नाही."

"मी कुठे म्हटलं तुमचं आहे? कुणाचं आहे?"

गोंडेल हातातली गोवरी बघत राहिली.

"सांगा ना, काकू. कुणाचं आहे ते सांगा, मी त्यांच्याकडे जाऊन मागते."

हे मारेत टोचायला बोलली होती, पण बोलल्यावर तिचाच हात थांबला. मग मारेत हळूच म्हणाली, "थुर माझ्याहून सहा वर्षांनी मोठी होती. मला तिने सुई धरायला शिकवलं. मी काय तिच्या वाईटावर आहे का?"

"नाहीस," गोंडेल म्हणाली. "जा आता. मुलं एकटी असतील."

मारेत गेल्यावर तिने हात धुतले, कुदळ घेतली आणि ओहोटी धरून ओढा ओलांडला. दुपारची वेळ होती, ऊन होतं. तरी त्या गवतात शिरल्यावर गार वाटलं. तिथे टिटवी ओरडत नव्हती, चिलटंही नव्हती. तिने गवताच्या मधोमध एक चौकोन कापून कडेला ठेवला आणि खाली उतरत गेली. कापलेली माती बाजूने वहीच्या पानांसारखी दिसत होती: एक फिकट थर, एक काळपट, पुन्हा फिकट, पुन्हा काळपट. एका हिवाळ्याचा गाळ, एका उन्हाळ्याची मुळं. तिने नखाने थर मोजले. मोजणं हा तिचा धर्मच होता. खाली खाली जाताना ते बोटासारखे जाड होत गेले. अकरावा थर संपला, आणि कुदळीला काहीतरी मऊ लागलं.

तिने हात घातला. राख होती. ओली, गार, चिकट राख. नाकाशी नेली तर गोवऱ्यांच्या धुराचा वास. शेजारी विटेची लाल भुकटी. चूल होती ती.

गवताची पांढरी मुळं अकराच्या अकरा थर भेदून त्या राखेत उतरली होती. वर सुताएवढी बारीक होती, राखेत शिरल्यावर मात्र करंगळीएवढी जाड, आणि इतकी गुंतलेली, की तिला तो गठ्ठा हलवता आला नाही.

ती खड्ड्याच्या काठावर बसली. अकरा वर्षं ती समुद्राकडे तोंड करून उभी राहायची. मुलगी तिकडे आहे, पाण्यात, कुठेतरी दूर, असं धरून. आणि पोर इथेच होती, आपल्या चुलीपाशी. समुद्राने नेलंच नव्हतं तिला. वरून माती येत गेली होती, बोट बोट करून, आणि ती माती गवताने धरून ठेवली होती. कबरीवर माती टाकायला आईचा हात लागला नाही एवढंच.

कापलेला चौकोन तिने परत बसवला, वरून हाताने थापटला आणि घरी आली. संध्याकाळी बांडिकच्या दाराशी जाऊन म्हणाली, "शनिवारी भरती लहान आहे. ओढ्यापलीकडे काठी टाकायची आहे. बायकांना सांग, विळे घेऊन या."

बांडिकने पाइप तोंडातून काढला. "हाक मारणार?"

"रीत आहे ना?"

"रीत आहे," तो म्हणाला, आणि पाइप उंबऱ्यावर झटकून, "मी येतो बरोबर. माझा एक डोळा आहे, पण कान दोन्ही आहेत."

शनिवारी सकाळी धुकं होतं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं दुधासारखं धुकं, आणि त्यातून चालताना चार पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं. सात घरांतून सात बायका आल्या. प्रत्येकीच्या खांद्यावर लांब दांड्याचा विळा, कमरेला धार लावायचा दगड. स्टिंकेआजीच्या घरून तिची नात आली होती. मारेत सगळ्यांत आधी येऊन उभी होती, पण आज ती गप्प होती. गोंडेलचा स्वतःचा विळा पाठीला बांधलेला, कारण तिच्या हातात काठी. सातवी ती स्वतः.

ओढा ओलांडल्यावर काठी पडायला लागली. बांडिक एक टोक धरे, गोंडेल दुसरं. तो गाठी मारत होता आणि मोठ्याने आकडे म्हणत होता, की धुक्यात कुणी चुकू नये. काठी थांबली तेव्हा आकडा होता चोवीस. या वर्षी सातांचा वाटा चोवीसच आला होता. बांडिकने आपल्या दोरीकडे पाहिलं, जूनची गाठ अंगठ्याने चाचपली, आणि त्याने ती दोरी घडी घालून खिशात ठेवली.

"तुला माहीत होतं," तो गोंडेलला म्हणाला.

"हो."

"किती वर्षं?"

"सहा."

"बाई गं," तो म्हणाला, "आणि मला सांगतेस गवत फार माजतंय."

गोंडेलने परकराच्या खिशातून चकती काढली. अकरा वर्षं हाताळून तिची खूण जवळजवळ बुजली होती. ती गवताच्या मध्यावर, त्या चौकोनापाशी जाऊन उभी राहिली. रीत समुद्राकडे तोंड करायची. तिने खाली जमिनीकडे केलं.

"थुर," तिने हाक मारली. जेवायला बोलवावं इतक्याच आवाजात.

कुठेच काही हललं नाही.

"थुर."

धुक्यात पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता, पण पाणी कुठून ठिबकणार? वर आकाश होतं.

"थुर."

आणि गाय हंबरली. जवळच, दहा पावलांवर असावी अशी. दूध काढायची वेळ टळली की हंबरते तशी, लांबट, कंटाळलेली.

स्टिंकेआजीच्या नातीने मारेतचा दंड घट्ट धरला. मग बांडिक घसा खाकरून म्हणाला, "मारेतची सुटली असेल."

"माझ्या चारही बांधून आले आहे," मारेत म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "आणि या गवतात गाय येत नाही. तुम्हाला माहीत आहे, आजोबा."

"उत्तर आलं की घर मिटत नाही," दुसरी एक बाई कुजबुजली. "रीत आहे."

"माणसाने द्यायचं असतं उत्तर," बांडिक म्हणाला. "गाईचं धरत नाहीत. गाईचं धरलं असतं तर आजवर एकही घर मिटलं नसतं." पण म्हणताना त्याने टोपी काढलेली होती.

सगळ्या गोंडेलकडे बघत राहिल्या. ती "उत्तर आलं" म्हणाली असती तर कुणी वाद घातला नसता. सात जणी विळे खांद्यावर टाकून परत गेल्या असत्या, आणि हिवाळ्याआधी मारेतची होडी मुख्य भूमीकडे निघाली असती. गोंडेलने मारेतकडे पाहिलं. मारेतने मान वळवली. मागायचं ते मागून झालं होतं, आता तिला मागवत नव्हतं.

"गाईला चारा हवाय," गोंडेल म्हणाली. "तेवढंच म्हणतेय ती." आणि मग, काठी सरळ धरून, मोजणीदाराच्या आवाजात, "घर मिटलं."

चकती काठीवर आपटली. पहिल्या फटक्यातच तिचे दोन तुकडे झाले.

मग कापणी सुरू झाली. सात जणी तिरक्या ओळीत, एकीमागे एक, पुढचीच्या विळ्यापासून चार पावलं राखून. पाती गवतातून फिरायला लागली. ओलं गवत, कापताना आवाज कमी, पण दाट असल्यामुळे खोल येत होता. थोड्या वेळाने ताल लागला, जसा नेहमी लागतो, आणि धुक्यात एकमेकींना न दिसताही त्या तालावर सगळ्या पुढे सरकत राहिल्या.

बांडिक कडेला काठीवर बसला होता. त्यालाच आधी ऐकू आलं. त्याने बोटांवर मोजलं. सर, सर, सर, सर, सर, सर, सर. आणि मग, ओळीच्या शेवटी, गोंडेलच्याही मागे, जरा उशिराने, आणखी एक सर.

त्याला वाटलं, आपलं वय झालं. पण मग ओळ जवळून सरकताना बायकांचे खांदे त्याला दिसायला लागले, आणि एकेकीचा खांदा आखडत गेला. कुणी मागे पाहिलं नाही. मारेत पुटपुटत होती, प्रार्थना असावी, पण विळा थांबू देत नव्हती. थांबलं तर ताल तुटणार होता, आणि ताल तुटल्यावर जे ऐकू येईल ते कुणालाच ऐकायचं नव्हतं.

गोंडेलने ऐकलं. तिच्या पाठीला, चार पावलांवर. तिनेही मागे पाहिलं नाही, पण ती चाल थोडी हळू करत गेली. मागून येणाऱ्याला दम लागू नये तशी.

दुपारी वारा सुटला आणि धुकं एकदम उठलं. पट्टा संपला होता. सात जणी समुद्राच्या कडेला ओळीने उभ्या होत्या, घामाने भिजलेल्या. मागे कापलेल्या गवताच्या रांगा पडल्या होत्या. स्टिंकेआजीच्या नातीने मोजल्या, परत मोजल्या आणि खाली बसली.

आठ होत्या.

"पट्टा रुंद होता," बांडिक म्हणाला. "कुणीतरी वळून दोनदा आली असेल."

"हो," मारेत म्हणाली. "तसंच असेल." तिने विळा जमिनीवर ठेवला, हात परकराला पुसले आणि पहिल्या रांगेतलं गवत चादरीत भरायला लागली. मग बाकीच्याही लागल्या. कोरड्या जमिनीवर नेऊन पसरायचं होतं, भरतीच्या आत. गवत जड होतं, चांगलं होतं, त्याला लिंबासारखा आंबटखारट वास होता. प्रत्येक घराला एक रांग. आठव्या रांगेकडे कुणी गेलं नाही.

गोंडेल गेली. तिने ती रांग पायाने बाजूला सारली आणि खालचे खुंट पाहिले. बाकीच्या रांगांखाली जमीन तासल्यासारखी साफ होती. इथे खुंट वितीएवढे उंच राहिलेले. कुठे जास्त, कुठे कमी, जागोजागी झुबके सुटलेले. विळा वरच्या वर धरून, घाईने, पाठ न वाकवता कापलं की असं होतं. बेटावर अशी कापणारी एकच होती. सोळाव्या वर्षापासून सांगून सांगून गोंडेलचा घसा बसला होता, की अगं, मुळाशी धर, मुळाशी, अर्धं गवत जमिनीला ठेवून येतेस; आणि ती हसायची, आणि पुढे निघून जायची, आणि आई मागून खुंट कापत यायची.

मारेत डोक्यावर चादरीचा भारा घेऊन शेजारी आली. तिनेही खुंट पाहिले.

"काकू, ही रांग कुणाची धरायची?"

"तुझ्याकडे दोन गाई जास्त आहेत ना," गोंडेल म्हणाली. "ने तू. घाबरू नकोस. चांगलं गवत आहे, नीट कापलेलं नाही एवढंच."

भरती ओढ्याच्या तोंडाशी यायला लागली होती. बांडिक ओढ्याच्या काठावरून हाका मारत होता, की बायांनो, मला पोहता येत नाही. गोंडेलने धारेचा दगड काढला, विळ्याच्या पात्यावरून तीनदा फिरवला आणि वाकली. पाणी येईपर्यंत ती त्या रांगेच्या कडेकडेने मुळाशी विळा धरून खुंट कापत राहिली, आणि कापताना सारखी पुटपुटत होती, रागावल्यासारखी.